सहाव्या प्रश्नावर थांबलेलं पेन : मानसशास्त्र कुठवर, तत्त्वज्ञान कुठून?

निंबोणी (नौपाडा, ठाणे), रविवार रात्री १०:५०

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी सव्वीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. आमचा विभाग दोघांचा, मानसशास्त्राचा तिघांचा, आणि दोन्ही विभागांत मिळून एक लोखंडी कपाट. वरच्या दोन कप्प्यांत आमची पुस्तकं. खालच्या तिन्हींत त्यांचं प्रॅक्टिकलचं सामान: स्टॉपवॉच, अक्षरांची कार्डं, आरशात बघून चांदणी गिरवायचा लाकडी सांगाडा. एकदा प्रॅक्टिकलला मूल कमी पडलं म्हणून मीच बसले होते. आपला हात पुठ्ठ्याआड झाकलेला, दिसतो तो फक्त आरशातला. पुढे न्यायला जावं तर रेघ मागे येते. दहा-बारा वेळा गिरवल्यावर जमायला लागलं. कसं जमलं ते मला सांगता आलं नसतं, पण वहीतला चुकांचा आकडा दर खेपेला उतरत होता. माझ्याबद्दलची एक गोष्ट त्या वहीला माझ्याआधी कळली होती. त्या दिवसापासून खालच्या कप्प्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ह्यांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. पहिले सात-आठ महिने रात्री अडीचला जाग यायची ती पहाटेपर्यंत. मुलगी पुण्याला असते, तिने हट्टच धरला म्हणून इथल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. माझ्या मुलीच्याच वयाच्या असतील. त्यांनी नैराश्य चाचपायचा नऊ प्रश्नांचा कागद पुढे ठेवला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला: मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, सगळीकडे भराभर खुणा केल्या. सहाव्या प्रश्नावर पेन थांबलं. स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत किंवा घरच्यांना कमी पडलो असं वाटणं.

मी कमी पडलेच होते. ह्यांचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. 'हवा बदललीय' म्हणत मी तीन आठवडे आल्याचा काढा देत बसले. एक्स-रे काढला तेव्हा फार पुढे गेलं होतं. मी 'जवळजवळ रोज'वर खूण केली. बेरीज १४ आली, म्हणजे मध्यम.

पुढचं सगळं चांगलंच झालं. झोपेच्या वेळा बांधून घेतल्या, दुपारची पाठ टेकणं बंद, सकाळी कचराळी तलावाला सहा फेऱ्या. झोप परत आली. मग बाईंनी तीन रकान्यांची वही दिली: काय घडलं, मनात काय विचार आला, काय वाटलं. वही बघितली आणि ओळख पटली. माणसाला घटनांचा त्रास होत नाही, घटनांबद्दलच्या त्याच्या मतांचा होतो, हे एपिक्टेटसचं वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची. जन्माने गुलाम असलेला हा तत्त्वज्ञ, दोन हजार वर्षांपूर्वीचा. १९५५ च्या सुमाराला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने त्याच पायावर आपली उपचारपद्धती उभी केली आणि ते ऋण उघड मान्य केलं. पुढे विचार तपासून उपचार करणाऱ्या एरन बेकनेही स्टोइकांचं, म्हणजे एपिक्टेटसच्या पंथाचं, नाव घेतलं. आमच्या वरच्या कप्प्यातलं वाक्य खालच्या कप्प्यात जाऊन औषध झालं, आणि शेवटी मलाच ते लागू पडलं.

आता अडलंय ते इथे. वहीत मी लिहिलं, 'मी उशीर केला.' बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "या विचाराला पुरावा काय?" मी म्हटलं, "पुरावा आहे. तीन आठवडे." त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग ही विचारातली चूक नाही. स्वतःला यासाठी काय द्यायचं, क्षमा की शिक्षा, हा प्रश्न आहे. तो मी तुमच्यासाठी सोडवू शकत नाही." मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला.

तर विचारायचं हे: विचार खोटा असेल तर मानसशास्त्र तो दुरुस्त करतं. विचार खरा असेल आणि तरी जाळत असेल, तर कोणाचं दार वाजवायचं?


ऐरोलीकर, सोमवार सकाळी ८:१५

ताई, आधी मनापासून सहवेदना. वाचताना गाडी ऐरोलीच्या पुढे कधी गेली कळलं नाही, रबाळेला उतरून परत आलो.

मी आयटीतला, दोन्ही विषयांत कच्चा. पण माझी समजूत अशी की मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाचं पोर, मोठं होऊन वेगळं बिऱ्हाड केलं. १८७९ साली वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली आणि मनाबद्दल नुसतं बसून विचार करण्याचे दिवस संपले. आता मोजता येतं, तपासता येतं. तुमची झोपसुद्धा मोजूनच सुधारली ना? मग उरलेला प्रश्न आज मोजता येत नाही, उद्या येईल, असं का म्हणू नये?


तर्कटी, सोमवार दुपारी १:३०

ऐरोलीकर, बिऱ्हाड वेगळं झालं हे खरं, पण भांडीकुंडी अजून मिसळलेलीच आहेत. प्रयोगशाळा काढली तेव्हा वुंट लाइपझिगला तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक होता. विल्यम जेम्सने १८९० मध्ये मानसशास्त्रावर दोन खंड लिहिले आणि १९०७ मध्ये व्यवहारवाद या तत्त्वज्ञानावरची व्याख्यानं छापली, माणूस तोच. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला १९१६ मध्ये, तोवर तो विषय तत्त्वज्ञानाच्या पोटातच शिकवत.

'उद्या मोजता येईल' हे तुमचं म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तसं एकदा झालेलं आहे. कांटने १७८६ मध्ये लिहिलं की मनाच्या अभ्यासाला गणित लागू पडत नाही, म्हणून त्याचं खरंखुरं विज्ञान होणार नाही. १८६० मध्ये फेख्नरने संवेदनेची तीव्रता मोजायची रीत दाखवून दिली. कांट तिथे चुकला. पण निंबोणीताईंचा प्रश्न त्या जातीचा नाही. किती दुखतंय हे मोजता येईल, उद्या आणखी बारकाईने येईल. इतकं दुखणं रास्त आहे का, हे काट्यावर कसं दिसेल?

ताई, तुमच्या प्रश्नाला जवळचं एक उदाहरण आहे, बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं, १९७६ च्या एका निबंधातलं. ट्रकचालक नीट चालवतोय, त्याची काही चूक नाही, एक मूल अचानक आडवं येतं आणि जातं. बघणाऱ्या सगळ्यांना वाईट वाटतं, पण चालकाला जे वाटतं ते निराळंच असतं. लोक त्याला समजावतात, 'तुझी चूक नव्हती', आणि समजावलंच पाहिजे. तरी तो पाच मिनिटांत समजला आणि चहा प्यायला गेला, तर आपण चरकतो. याला मराठीत 'कर्त्याची खंत' म्हणता येईल. ती चुकीच्या विचारातून येत नाही. गोष्ट आपल्या हातून घडली, एवढ्यातूनच येते.


सुलू_नेरूळ, सोमवार दुपारी ४:०५

'कर्त्याची खंत' वाचून मनात आलं. आपल्याकडे यासाठी किती शब्द आहेत! हळहळ दुसऱ्याच्या दुःखाची होते. चुटपुट लहानशा राहून गेलेल्या गोष्टीची लागते, पाहुण्याला चहा विचारायचा राहिला तर. रुखरुख जास्त दिवस टिकते. टोचणी लागते तेव्हा चूक आपली असते. पश्चात्तापात परत फिरण्याची इच्छा असते. माझी आई गेली तेव्हा मी नेरूळला आणि ती गावी, शेवटचा फोन मी 'नंतर करते' म्हणून ठेवला होता. मला टोचणी नाही, पण रुखरुख आहे, अकरा वर्षं. कागदावर या सगळ्यांसाठी चौकट एकच.


मनवा, सोमवार रात्री ९:४०

मी वाशीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. धागा आवडला, पण थोडं विरुद्ध बाजूने बोलते.

तो कागद चाळणीसाठी आहे, निवाड्यासाठी नाही. त्यात नववा प्रश्नही असतो, जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा. त्या एका ओळीमुळे किती माणसं वेळेवर हाती लागतात ते मी रोज पाहते. माझ्याकडे येणाऱ्यांत दुःखाचा अर्थ कळला नाही म्हणून अडलेले थोडे. 'भोग आहेत, भोगायलाच हवेत' हा अर्थ आधीच हातात देऊन ज्यांना घरी बसवलेलं असतं, असे फार. तत्त्वज्ञान कधीकधी उपचाराच्या दारावरचं कुलूप होतं. हे मी रागाने म्हणत नाही, काळजीने म्हणते.

सुलू, चौकट एकच हे खरं, पण बोलताना आम्ही ती फोडतो. एलिसच्या पद्धतीतच 'मी चूक केली' याचा खेद आणि 'मी वाईट माणूस आहे' ही अपराधी भावना वेगळी धरतात. पहिल्याला हात लावायचा नाही, दुसरी उलगडायची. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तेव्हापासून विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे एलिसचीच पद्धत, मराठीतून लोकांपर्यंत पोचवण्याचं मोठं काम इथे झालंय, त्यामुळे हा फरक या भागात नवा वाटू नये.

आता तर्कटींचा मुद्दा मान्य करते, कारण तो माझ्या टेबलावर रोज येतो. शोक आजार कधी होतो? अमेरिकन निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत जवळचं माणूस गेल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत सहसा नैराश्याचं निदान करायचं नाही, अशी सूट होती. २०१३ ला ती काढली. २०२२ ला 'लांबलेला शोक' हे वेगळंच निदान आलं, मोठ्या माणसासाठी किमान बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत तेच सहा महिने. माणूस तोच, दुःख तेच, आणि दहाव्या महिन्यात एका पुस्तकाप्रमाणे आजारी, दुसऱ्याप्रमाणे नाही! ही रेघ सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेली नाही. माणसांनी बसून, अभ्यास वाचून, वाद घालून आखली आहे. समलैंगिकता १९७३ मध्ये अमेरिकन यादीतून आजार म्हणून वगळली, तेव्हाही कुठला जंतू नाहीसा झाला नव्हता. चांगलं जगणं कशाला म्हणायचं याचं उत्तर पुढे सरकलं होतं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर लिहूनच ठेवलंय की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक चौकटीत माणूस बसत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे वाक्य कुठल्या प्रयोगशाळेतून आलं?


आबा_कोपरी, मंगळवार पहाटे ५:२०

निंबोणीताई, मी रेल्वेतून निवृत्त. विद्वान नव्हे, पण पातंजल योगसूत्रं गेली वीस वर्षं रोज थोडी वाचतो.

पतंजली चित्ताच्या वृत्ती, म्हणजे मनात उठणारे तरंग, पाच सांगतात: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान, विपर्यय म्हणजे चुकीचं. माझं लक्ष जातं ते यावर की खरं ज्ञान हीसुद्धा त्यांनी वृत्तीच धरली आहे. आणि त्याच्या आदल्याच सूत्रात म्हटलंय की या पाचही वृत्ती क्लिष्ट किंवा अक्लिष्ट असतात. म्हणजे खरं-खोटं हा एक भेद, आणि क्लेश देणारं-न देणारं हा दुसरा. खरा विचार क्लेश देऊ शकतो. तुमच्या बाईंनी पहिल्या भेदापाशी हात जोडले. दुसरा भेद तिथूनच सुरू होतो.

आणखी एक. समर्थ मनाच्या श्लोकांत मनालाच हाक मारतात, 'मना सज्जना'. मग हाक मारणारा कोण? तुमच्या वहीच्या मधल्या रकान्यात 'मी उशीर केला' लिहिणारी बाई त्या विचाराच्या बाहेर दोन पावलं उभी असणारच. नाहीतर लिहील कशी?


तर्कटी, मंगळवार सकाळी ११:००

आबा, क्लिष्ट-अक्लिष्टचा मुद्दा अप्रतिम. इतकी वर्षं ते सूत्र वाचून हा फरक माझ्या डोक्यात असा उभा राहिला नव्हता.

पण एक सावधगिरी. पतंजलींचा क्लेश मोजला जातो तो कैवल्याकडे, म्हणजे मुक्तीकडे, जाताना. मनवांच्या खोलीत तो मोजला जातो झोप, काम आणि नाती यांच्याशी. एकच विचार एका ध्येयाला अडसर आणि दुसऱ्याला आधार असू शकतो. दोन्हींना नुसतं 'मनःशांती' म्हणून एकाच डब्यात भरलं तर दोन्हींवर अन्याय होतो. हल्ली योग आणि मानसोपचार एकच म्हणून सांगणारे बरेच भेटतात, मला ती घाई पटत नाही.


पाणवठा, मंगळवार दुपारी ३:१५

फारसं लिहीत नाही इथे. मनवांनी कुलपाची गोष्ट काढली म्हणून लिहितो.

आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणत. ठाणं म्हणजे इथलं मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. आम्ही राहणारेच ठाण्याचे, तरी आमच्याही तोंडी तेच. माझ्या भावाला एकविसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. घरात दोन वर्षं चर्चा चालली की ही साधना आहे की बाधा, पूर्वसुकृत आहे की आणखी काही. सगळे चांगले, वाचलेले लोक. त्या शब्दाची भीती इतकी की डॉक्टर सोडून सगळं केलं. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात तो माझ्याबरोबर तलावपाळीला भेळ खायला आला. ती संध्याकाळ विसरणार नाही.

निंबोणीताई, तुमच्या प्रश्नाला कमी लेखत नाही. फक्त क्रम सांगतोय. आधी झोप, मग प्रश्न. तुम्ही तोच क्रम धरलात म्हणून हा धागा लिहू शकलात.


धागा-व्यवस्थापन, मंगळवार दुपारी ४:००

वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता आधाराची गरज असेल तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.


ऐरोलीकर, मंगळवार रात्री ११:२०

माझं वाक्य मागे घेतो, निदान अर्धं. 'उद्या मोजता येईल' म्हणालो होतो. आज थोडं वाचलं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत मूळ निष्कर्षाला पुन्हा आकड्यांचा आधार मिळाला. आधी धक्काच बसला. मग वाटलं, स्वतःचेच प्रयोग उलटे तपासून आकडा जाहीर करणारं शास्त्र किती प्रामाणिक म्हणायचं! आणि 'पुन्हा आला म्हणजे खरा' असं का मानायचं, किती वेळा आला म्हणजे पुरे, हा वाद पुन्हा प्रयोगाने सुटत नाही.

मनवाताई, एक विचारतो. 'मी चूक केली पण मी वाईट माणूस नाही' यातला दुसरा अर्धा भाग कशावरून? त्याचा पुरावा तुम्ही मागता का?


मनवा, बुधवार सकाळी ७:५०

ऐरोलीकर, हा प्रश्न मला शिकत असताना कोणी विचारायला हवा होता.

नाही, मागत नाही. माणसाला एका कृतीवरून एकूण गुण देता येत नाहीत, स्वतःला विनाअट स्वीकारावं, हे एलिसचं म्हणणं कुठल्याही पाहणीतून निघालेलं नाही. ती घेतलेली भूमिका आहे, आणि त्यानेही ती भूमिका म्हणूनच मांडली. ती घेतल्याने लोक सावरतात का, हे तपासता येतं. ती खरी आहे का, हे माझ्या शास्त्राच्या हातात नाही. रोज दहा ते सात मी ज्या जमिनीवर उभी राहून काम करते ती जमीन निंबोणीताईंच्या वरच्या कप्प्यातली आहे. बारा वर्षं प्रॅक्टिस करतेय, हे इतक्या स्पष्टपणे आज पहिल्यांदा लिहिलं.


निंबोणी, पुढच्या रविवारी रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. पाणवठा, तुमचा भाऊ आणि ती भेळ मनात राहिली. आबा, क्लिष्ट-अक्लिष्टचं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. ते तीन आठवडे मी मुलीला कधी सांगितलेच नव्हते. तिला वाटत होतं, कळल्याबरोबर आम्ही धावलो. सुलूने टोचणी आणि रुखरुख वेगळी केली तेव्हा लक्षात आलं की माझी टोचणी काढ्यापेक्षा या लपवण्याची जास्त आहे. गुरुवारी ती आली होती. रात्री ओटा पुसताना तिच्याकडे पाठ करून सांगून टाकलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मला माहीत होतं. बाबा फोनवर खोकायचे. मी दोनदा म्हटलं डॉक्टरकडे जा. 'आईला सांगू नकोस, ती घाबरेल' म्हणाले." एवढे महिने तीही तेच तीन आठवडे एकटी धरून बसली होती, पुण्यात.

तर्कटी, तुमच्या ट्रकचालकाचा अर्थ मला तेव्हा कळला. पुरावा बदलला. मुलीचं म्हणणं ह्यांनी स्वतःच माझ्यापासून लपवलं होतं, माझ्या एकटीच्या हातात ते कधीच नव्हतं. शिकवल्याप्रमाणे विचार दुरुस्त केला. टोचणी त्याच रात्री गेली, रुखरुख मात्र आहे तिथेच आहे.

शनिवारी बाईंनी पुन्हा तो कागद दिला. या खेपेला बेरीज सहा. सहाव्या प्रश्नाला मी 'काही दिवस'वर खूण केली, एक गुण. बाईंनी विचारलं, "हा एक खाली आणायचा आहे का?" मी म्हटलं, नको, तो राहू दे. त्यांनी त्या एकाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी दिली.

मुलीलाही कोणाशी तरी बोलायचंय. मनवा, पुण्यात कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.